‘उच्चारदोष’ हा शेरा जपून द्यावा



मुखावाटे वर्ण निर्माण करण्याची क्रिया आणि त्या क्रियेतून ऐकू येणारा ध्वनी, असे ‘उच्चार’ या शब्दाचे दोन प्रमुख अर्थ असून, एखाद्या गोष्टीचा उल्लेख करणे हा तिसरा अर्थही मराठीत रूढ आहे. यांपैकी एकाही अर्थात शुद्धाशुद्धतेचा निवाडा नाही. तरीही शाळांमध्ये ‘उच्चारदोष’ हा शेरा सहज दिला जातो आणि तो घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांच्या जिव्हारी लागतो.

पाणिनीय शिक्षेने, म्हणजे वर्णोच्चाराच्या प्राचीन शास्त्रग्रंथाने, कंठ, टाळू, दात, ओठ अशी आठ उच्चारस्थाने सांगितली आहेत. ‘ळ’ उच्चारताना जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागते, तर वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो तेव्हा जिभेचा मधला भाग टाळूकडे नुसता उचलला जातो. हा बदल त्या बोलीत नियमाने होत असल्याने तो तिचा विशेष ठरतो. ‘उच्चारदोष’ ही संज्ञा मात्र दुभंगलेल्या टाळूमुळे किंवा श्रवणातील उणिवेमुळे येणाऱ्या, उपचारांची गरज असलेल्या अडचणींसाठीच राखली पाहिजे.

संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान झालेल्या पोहरादेवी परिसरात हा विवेक विशेष आवश्यक आहे, कारण येथील तांड्यांवरचे मूल याडीकडून, म्हणजे आईकडून, गोरबोली ही बंजारा समाजाची भाषा शिकते, बाजारात वऱ्हाडी ऐकते आणि प्रमाण मराठीशी त्याची खरी गाठ शाळेतच पडते. ‘चार’मधला ‘च’ तालव्य आणि ‘चारा’मधला दंततालव्य असूनही दोन्हींसाठी अक्षर एकच आहे, हा भेद पुस्तक दाखवत नाही, तो कानानेच शिकावा लागतो, आणि धाकाने गप्प झालेले मूल तो शिकू शकत नाही.

परीक्षा आणि नोकरी यांसाठी प्रमाण मराठी यायलाच हवी, हा आक्षेप रास्त आहे. परंतु साहित्य महामंडळाचे 1962 चे नियम लेखनाचे आहेत, त्यांच्या आधारे कोणाच्याही बोलण्याला अशुद्ध ठरवता येत नाही. म्हणून शिक्षक-प्रशिक्षणात दोष आणि बोलीभेद यांतील फरक शिकवला जावा, तसेच 5 ऑक्टोबर 2024 रोजी पोहरादेवीत उद्घाटन झालेल्या बंजारा विरासत संग्रहालयात गोरबोलीचे जिवंत उच्चार ध्वनिमुद्रित करून शाळांना उपलब्ध करून द्यावेत, ही शासनाकडे आग्रहाची मागणी आहे.

– एक वाचक, पोहरादेवी (जि. वाशिम)