अरिष्टाची घडवंची कशाची करावी ?

गेल्या अंकांत आम्हीं द्राक्षारिष्टाची कृति दिली, तेव्हांपासून वाचकांची पत्रें येत आहेत. मनुकांविषयीं किंवा धायटीच्या फुलांविषयीं कोणी फारसें विचारीत नाहीं. बहुतेकांचा प्रश्न एकच, कीं बरण्या ठेवावयाच्या कशावर? प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. जुन्या ग्रंथांत संधानाचें पात्र धान्याच्या राशींत अथवा जमिनींत पुरून ठेवण्यास सांगितलें आहे. ऊब एकसारखी राहावी हा त्यांतील हेतु. तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडांत धान्याचें कोठारहि नाहीं आणि परसूहि नाहीं. तेव्हां घडवंची आलीच.

प्रथम वजनाचा हिशेब करूं. शार्ङ्गधरसंहितेंतील पाठांत द्राक्षें अर्धी तुला आणि पाणी दोन द्रोण. हल्लींच्या मानानें २.४ किलो मनुका व २४.५७६ लिटर पाणी. तें आटवून चतुर्थांश, म्हणजे ६.१४४ लिटर काढा उरवावयाचा आणि त्यांत दोन तुला, म्हणजे ९.६ किलो गूळ घालावयाचा. गूळ आणि काढा मिळूनच जवळजवळ सोळा किलो झाले. त्यांत प्रक्षेपद्रव्यें आणि चिनी मातीची बरणी, जी रिकामीच दोन हातांनीं उचलावी लागते. भरलेल्या बरणीस पंचवीस किलो धरावे. अशा तीन बरण्या शेजारीं शेजारीं ठेवल्या तर पाऊणशें किलो होतात. घडवंची निदान याच्या दुप्पट भार पेलणारी असावी. कारण एकत्र कुटुंबांत मुलें असतात, आणि तीं फळीवर चढणार नाहींत असें कोणत्याहि शास्त्रांत सांगितलेलें नाहीं.

मात्र काढ्याचें भांडें घडवंचीवर चढवूं नये, हें आम्ही निक्षून सांगतों. पाश्चात्य देशांत घरीं बिअर करण्याची हौस आहे. इंग्लंडांत १९६३ सालापासून तिला परवाना लागेनासा झाला, आणि अमेरिकेंत १९७८ च्या कायद्यानें तशी मोकळीक मिळाली. त्या पेयाशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. त्यांची घडवंची मात्र पाहण्यासारखी असते. तिला तीन पायऱ्या. वरच्या पायरीवर ऊन पाणी, मधल्या पायरीवर मोड आणून वाळविलेल्या जवांचें पात्र, आणि खालीं उकळण्याचें भांडें. पाणी आपोआप उतरत येतें. सोय खरी, परंतु कढत पाण्याचें भांडें माणसाच्या डोक्याशीं येतें. म्हणून त्यांच्यांतील कित्येक जण आतां सर्व भांडीं एकाच पातळीवर ठेवून लहानसा पंप लावतात. आपल्या घरीं तर ओट्याखालून रांगणारें मूल आणि ओट्याशीं उभी असलेली आजी या दोघांचाहि विचार करावयाचा. काढा जमिनीलगतच्या शेगडीवर, मुलांस खोलीबाहेर ठेवून करावा, आणि निवाल्यावरच बरणींत ओतावा.

आतां द्रव्याचा विचार. लांकडांत सागवान श्रेष्ठ, हें सर्वांस ठाऊक आहे. त्यांतील तेलामुळें वाळवी त्यास सहसा लागत नाहीं, व ओलीनें तें फारसें वांकत नाहीं. परंतु हे गुण गाभ्याच्या लांकडाचे आहेत. सालीलगतच्या पांढुरक्या भागाचे नव्हेत. बाजारांत हा पांढुरका भाग पॉलिशाखालीं लपवून सागवानाच्या भावानें विकला जातो, म्हणून फळी रंगविण्यापूर्वींच डोळ्यांखालून घालावी. बाभूळ कठीण खरी; गाड्यांचीं चाकें तिचींच होत असत; पण तिला भुंगा लागतो, म्हणून जुने सुतार ती पाण्यांत भिजत ठेवून मग वापरीत. आंब्याची फळी स्वस्त पडते, पण ओल आणि कीड या दोहोंपुढें ती टिकत नाहीं. लांकूड कोणतेंहि असो, सांधा खांच पाडून बसविलेला असावा. नुसत्या खिळ्यांवर पंचवीस किलोची बरणी सोंपवूं नये. भुशाच्या दाबलेल्या तक्त्यांचें तर नांवच नको. गुळाचें पाणी एकदां सांडलें कीं ते फुगतात. प्लायवुडच घ्यावयाचें झाल्यास त्यावर आयएस ७१० हा मरीन जातीचा शिक्का पाहावा.

लोखंडी अँगल आम्हांस सर्वांत व्यवहार्य वाटतो. ३५ मिलिमीटर रुंद व ५ मिलिमीटर जाड अँगल मीटरमागें सुमारें २.६ किलो भरतो. वजन बरेंच कमी भरलें तर जाडींत कसर आहे असें समजावें. वेल्डिंग झाल्यावर गंज घांसून रेड ऑक्साइडाचे दोन हात व त्यावर तैलरंग द्यावा. जस्ताचा मुलामा दिलेले पाइप जोडण्याचा आग्रह धरूं नये. वेल्डिंग करतांना त्या जस्ताचा धूर निघतो व कारागिराला ताप आणतो. स्टेनलेस स्टील घेणाऱ्यांनीं लोहचुंबकाच्या परीक्षेवर विसंबूं नये. ३०४ आणि गंजास अधिक वश होणारी २०२ या दोन्ही जातींस चुंबक बहुधा चिकटत नाहीं. म्हणून पावतीवरच जात लिहवून घ्यावी.

वरच्या फळीस पुष्कळ जण शहाबादी फरशी किंवा काळा कडप्पा घालतात. दोन्ही चुनखडीच्या जातीचे. अरिष्ट आंबट असतें, तें सांडलें कीं फरशीची झिलई जाते. विश्वास न बसल्यास एका तुकड्यावर लिंबाचा रस ठेवून पाहावा. ग्रॅनाइट बरा. दगड कोणताहि असला तरी त्यास मध्यें आडवा आधार द्यावा, कारण दगड वांकत नाहीं, एकदम तुटतो.

उंची गुडघ्याइतकी पुरे. पायांमध्यें तिरपी आडणी हवीच. ती नसली तर चारी पाय जाड असूनहि घडवंची डुलते. पायांस रबरी टोप्या घालाव्या, आणि भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावें, म्हणजे ओल लागत नाहीं व मागून झाडतांहि येतें. फसफस जोरांत आहे तोंवर बरणीचें तोंड घट्ट बंद करूं नये, नाहीं तर आंतील वायूनें ती तडकेल. तोंडाशीं पेटती काडी धरावी. विझली तर वायु अद्याप निघत आहे, जळत राहिली तर मुद्रा करण्यास हरकत नाहीं. आणि बरण्या ठेवण्यापूर्वीं नव्या घडवंचीवर त्याच वजनाच्या, पाण्यानें भरलेल्या बादल्या एक रात्र ठेवून पाहाव्या.