दुरुस्ती करा, ओळख पुसू नका



गेल्या महिन्यात जुम्म्याच्या नमाजनंतर आमच्या मस्जिदीत बैठक बसली. विषय होता मस्जिदीच्या दुरुस्तीचा. पावसाळ्यात छत गळते, भिंतींना ओल येते, वजूची जागा अपुरी पडते. तक्रारी खऱ्याच होत्या. पण उपाय फार झटकन ठरू लागला : दगडी भिंतींवर टाइल्स बसवू, कमानींना ऑइलपेंट मारू. मी म्हटले, "जरा थांबू या." त्यावर एक चाचा हसून म्हणाले, "मास्तर, ही मस्जिद आहे, म्युझियम नाही!"

चाचांचा शब्द मी मनात धरून ठेवला. कारण अशा वेळी काय करावे, हे मला एका म्युझियमनेच शिकवले होते.

आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक भायखळा, मदनपुऱ्यात राहतात. तिथे गेलो की मुलांना घेऊन राणीच्या बागेत आपण जातोच. त्या बागेच्या आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ साली ते लोकांसाठी खुले झाले, तेव्हा नाव होते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. मुंबईतल्या लोकांचे पेहराव, पगड्या, कारागिरी दाखवणाऱ्या मातीच्या बाहुल्या आजही तिथे पाहायला मिळतात. ज्या भाऊ दाजींनी हे संग्रहालय उभे राहावे म्हणून धडपड केली, त्यांचे नाव त्याला १९७५ साली मिळाले.

पुढे या इमारतीची पार रया गेली. २००३ साली मुंबई महानगरपालिका, इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी करार करून काम हाती घेतले. मोडकळीला आलेले उपटून नवे चकचकीत बसवणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. आधी पाहणी केली, मग जे होते तेच दुरुस्त केले : बिडाचे नक्षीदार खांब, कठडे, छतावरची नक्षी, जुनी फरशी. सोनेरी मुलामा पुन्हा चढवला. २००५ साली या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. नव्या काळाच्या सोयी हव्याच होत्या. त्यासाठी मागच्या आवारातली जागा वापरली, मूळ दालनाच्या रूपाला धक्का लावला नाही.

आता माझी चूक सांगतो. अब्बांच्या वेळच्या आमच्या घराला मी हौसेने सिमेंटचा गिलावा करून घेतला. अब्बा म्हणाले होते, "बेटा, ही भिंत चुन्याची आहे, तिला चुनाच मानवेल." ऐकले नाही. दोन पावसाळ्यांत गिलावा फुगला आणि आतल्या दगडाचे पापुद्रे निघू लागले. पुढे एका जुन्या गवंड्याने कारण सांगितले. चुन्याच्या भिंतीतली ओल हळूहळू बाहेर पडून सुकते. सिमेंटने ती आतच कोंडते, क्षार वर येतात आणि दगडाचा पृष्ठभाग झडतो. टाइल्स आणि ऑइलपेंटनेही तेच होते. ओल जात नाही, फक्त दिसेनाशी होते.

चुना आपल्याला परका नाही. भिजवून मुरवलेल्या चुन्यात वाळू घालून घाणीत मळायचे आणि त्यात गुळाचे व हिरड्याचे पाणी मिसळायचे, ही जुनी रीत. गूळ आपल्या उसाचा, आणि हिरडा तर जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरांतला. औषधासाठी तो दूरवर जातो. आपल्याच भिंतीसाठी तो आपल्याला आठवत नाही.

शिवनेरीवरची दोन मिनारांची मस्जिद पाहा, हापूसबागेतला सौदागर घुमट पाहा. दोन्ही दगडातच देखणे आहेत. बाहेरचा माणूस त्यासाठी वाट वाकडी करून येतो आणि आपण गावातला तसाच दगड झाकायला निघतो.

पुढच्या बैठकीत मी चार गोष्टी मांडल्या. आधी पाणी कुठून झिरपते ते शोधावे. हात लावण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, कमानीचे फोटो काढावेत. चुन्याचे काम जाणणारा कारागीर आणावा. आणि वजूखाना मागच्या मोकळ्या जागेत नवा, ऐसपैस बांधावा. वयस्कर नमाजींना सोय हवी, त्यात दुमत नाही. पण सोय आणि सजावट यांचा हिशेब वेगळा मांडावा.

बरीच चर्चा झाली, आवाजही चढले. शेवटी टाइल्सची ऑर्डर थांबली. छताचे आणि वजूखान्याचे काम आधी करायचे ठरले. बाहेर पडताना चाचा म्हणाले, "मास्तर, त्या कमानीखाली माझ्या वालिदांची रोजची जागा होती. रंगाखाली ती गेली असती."

मस्जिद असो, मदरसा असो वा आजोबांचे घर, ही आपल्याकडे आलेली अमानत आहे. दुरुस्ती जरूर करा. पण पुढच्या पिढीला ती ओळखता येईल, अशी करा.