सात देशांची यादी आणि जन्मसिद्ध इंग्रजी

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला जायचं असेल तर तुमचा पासपोर्ट या सात देशांपैकी एकाचा असावा लागतो. या व्हिसाचं नाव ई-२. पदवी कोणत्याही विषयाची चालते. इतिहासाची चालते, जीवशास्त्राची चालते, हॉटेल मॅनेजमेंटचीही चालते. तिथल्या खासगी क्लासेसना शिकवण्याचा अनुभव लागेलच असं नाही. अपोस्टिल केलेली पदवी, गुन्हेगारी नोंद नसल्याचा दाखला, वैद्यकीय तपासणी आणि नोकरीचा करार. एवढं जमलं की बावीस वर्षांचा पोरगा वर्गात 'सर' म्हणून उभा राहतो.

आता आपल्याकडची एखादी मुलगी घ्या. इंग्रजीत एम.ए., बी.एड., सेट पास, आणि चार वर्षांपासून कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतेय. मानधन कधी दिवाळीला येतं, कधी दिवाळीनंतर. वस्तीतल्या कामात अशी मुलंमुली मला नेहमी भेटतात आणि त्यातले बरेच जण कधी ना कधी विचारतात, "ताई, बाहेर शिकवायला जाता येईल का?" कोरियाचा नियम या मुलीचं इंग्रजी ऐकतच नाही. तिचा धडा बघत नाही, तिची परीक्षा घेत नाही. तो तिच्या पासपोर्टचं पहिलं पान बघतो आणि फाइल बंद करतो.

याला सभ्य भाषेत 'नेटिव्ह स्पीकरची अट' म्हणतात. मी याला जन्मावरून ठरणारी पात्रता म्हणते. आणि या गोष्टीचा आपल्याइतका जुना अनुभव जगात फार थोड्या लोकांना असेल.

यावर लगेच उत्तर येतं की व्हिसा हा काही हक्क नाही, कोणाला घ्यायचं ते तो देश ठरवेल. मान्य. कोरियाने उद्या एकही परदेशी शिक्षक घ्यायचा नाही असं ठरवलं तर मला आक्षेप घेता येणार नाही. पण दार कोणासाठी उघडायचं हा अधिकार वेगळा, आणि त्यासाठी दिलेलं कारण खरं आहे की खोटं हा प्रश्न वेगळा. कारण असं सांगितलं जातं की मुलांना मातृभाषकाकडून इंग्रजी शिकायला मिळावं. तर मग त्या यादीतल्या सातव्या देशाकडे बघा. दक्षिण आफ्रिकेत २०२२ च्या जनगणनेनुसार घरात इंग्रजी बोलणारे लोक दहा टक्क्यांच्याही आत आहेत. सर्वात जास्त घरांत इसिझुलु बोलतात. म्हणून तिथल्या अर्जदाराकडून कोरिया आणखी एक कागद मागतं: शालेय शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचा दाखला. म्हणजे इंग्रजी शाळेत शिकून येतं हे कोरियाला मान्य आहे! मग हाच दाखला नागपूरच्या शाळेचा असला तर का चालत नाही? नायजेरियाचा, फिलिपिन्सचा, जमैकाचा का चालत नाही? उलट बाजूनेही बघा. २०११ च्या जनगणनेत सुमारे २ लाख ६० हजार भारतीयांनी आपली मातृभाषा इंग्रजी अशी नोंदवली. त्यांनाही ही यादी मातृभाषक मानत नाही. तेव्हा मोजमाप जिभेचं नाही, पासपोर्टचं आहे, आणि पासपोर्टच्या मागे कातडीचं आहे. एवढ्यासाठीच त्या भागातल्या कितीतरी नोकऱ्यांच्या अर्जासोबत आधी फोटो मागतात.

आपल्यासाठी एक फट आहे, ती लपवून ठेवणं बरोबर नाही. भारत आणि कोरिया यांच्यातला सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला आणि त्यात भारतीय इंग्रजी शिक्षकांना ई-२ चा मार्ग मिळाला. पण अट काय? पदवी हवीच, शिवाय शिक्षकाची पात्रता हवी. अमेरिकन पोराला कोणतीही पदवी पुरते, आपल्या मुलीला पदवी आणि वर बी.एड. लागतं. दुप्पट सिद्ध करा आणि मग अर्ध्या जागेवर बसा, हे आपल्याला काही नवीन नाही. त्यातही नोकरी देणाऱ्यांच्या जाहिराती आजही ते सातच देश छापतात. करारात दार आहे, पण जाहिरातीत भिंत आहे.

चीनचा नियमही याच जातकुळीचा. परदेशी भाषाशिक्षकाने तत्त्वतः आपली मातृभाषाच शिकवावी, पदवीही त्या भाषेच्या देशातली असावी, शिवाय दोन वर्षांचा अनुभव किंवा शिकवण्याचं प्रमाणपत्र. थायलंडचं थोडं वेगळं आहे. तिथे नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, कामगार खात्याचं वर्क परमिट आणि 'खुरुसपा' या शिक्षक परिषदेची परवानगी लागते, आणि मातृभाषक नसलेल्यांकडून टोइकसारख्या परीक्षेचे गुण मागतात. अमेरिकनाला ही परीक्षा माफ असते, त्यामुळे अन्याय इथेही आहेच. तरी मी थायलंडला कोरियाच्या वर ठेवीन. परीक्षा द्या म्हणणं आणि पुन्हा जन्म घ्या म्हणणं यात फरक आहे. (थायलंडमधल्या जाहिरातींत एकाच कामाला राष्ट्रीयत्वानुसार वेगळा पगार उघडपणे लिहिलेला असतो, हे मात्र तिथे बुद्धाच्या देशाचं अप्रूप घेऊन जाणाऱ्या आपल्या मुलांना आधीच माहीत असावं.)

आणि पात्रता किती पवित्र असते ते ब्रिटनने दाखवून दिलं. २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत भारतातल्या प्रशिक्षित शिक्षकाला इंग्लंडमधला 'पात्र शिक्षक' हा दर्जा थेट मिळत नव्हता. मग गणित, विज्ञान आणि परकीय भाषांना शिक्षक मिळेनात. त्या फेब्रुवारीत भारत, नायजेरिया, घाना, झिंबाब्वे यांच्यासह नऊ ठिकाणच्या शिक्षकांसाठी दार उघडलं, आणि आपल्यासाठी ते याच विषयांपुरतं, अकरा ते सोळा वयाच्या मुलांना शिकवण्यापुरतं. जानेवारीत निरुपयोगी असलेलं बी.एड. फेब्रुवारीत उपयोगी ठरलं. शिक्षक तेच होते, तुटवडा त्यांचा होता. पुढच्या वेळी कोणी 'मेरिट' नावाची कालातीत वस्तू दाखवायला लागलं तर त्याला ही तारीख सांगा.

आता घरच्या मंडळींकडे येते. कारण या अटीविरुद्ध सगळ्यात मोठा गळा काढणारे कोण असतात? कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले, वरच्या जातीतले आपलेच देशबांधव. "आमचं इंग्रजी अमेरिकन माणसापेक्षा शुद्ध, तरी आम्हाला डावलतात, हा वंशवाद आहे." खरं आहे, हा वंशवाद आहे. पण हीच मंडळी इथे मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसतात तेव्हा आडनाव विचारतात. आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारतात. हीच मंडळी 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्या पोराला भर वर्गात हसतात आणि त्याच्या भाषेला अशुद्ध म्हणतात. मराठीचे नेटिव्ह स्पीकर कोण हे या राज्यात ठराविक पेठांतल्या ठराविक घरांनी ठरवलं, आणि बाकी सगळे आपल्याच मातृभाषेत परके झाले. सेऊलमधल्या क्लासचालकाने नागपूरच्या उच्चाराला नाक मुरडलं तर तो वंशवाद, आणि पुण्यातल्या बाईंनी वस्तीतल्या उच्चाराला नाक मुरडलं तर तो संस्कार? दोन्हीकडे तर्क एकच आहे. भाषा शिकून येत नाही, घराण्यातून येते.

बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले. सहकारी प्राध्यापकांतल्या काहींनी आक्षेप कशावर घेतला? त्यांनी प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्यातून पाणी पिण्यावर. परदेशातली पदवीही जन्माच्या दाखल्यापुढे हरली होती. पुढे स्वतःचे अनुभव लिहिताना त्यांनी त्या टिपणाला 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असं नाव दिलं. बडोद्यात नोकरी करणाऱ्या माणसाला राहायला जागा नाही, स्वतःच्याच देशात प्रवेश नाही. व्हिसा या शब्दाचा अर्थ आपल्याला दूतावासाच्या रांगेत पहिल्यांदा कळलेला नाही.

तरी एक गोष्ट नीट सांगते, कारण आपल्यातले काही उत्साही लोक प्रत्येक अन्यायाला जात म्हणून मोकळे होतात. पासपोर्ट आणि जात एक नाहीत. पासपोर्ट बदलता येतो, जात बदलता येत नाही. कोरियन माणूस भारतीयाला नोकरी नाकारतो तेव्हा त्या भारतीयाची जात बघत नाही. साम्य आहे ते युक्तिवादात: कौशल्य मोजायचं म्हणायचं आणि मोजायचा जन्म.

हे बदलतं का? बदलतं, आणि कोरियातलंच उदाहरण आहे. २००७ पासून तिथे परदेशी इंग्रजी शिक्षकांना एचआयव्ही तपासणी सक्तीची होती. कोरियन शिक्षकांना ती नव्हती, कोरियन वंशाच्या परदेशी शिक्षकांनाही नव्हती. न्यूझीलंडच्या, म्हणजे त्या लाडक्या सात देशांपैकी एकाच्या, एका शिक्षिकेने उल्सान शहरात २००९ साली पुन्हा तपासणी करून घ्यायला नकार दिला. करार पुढे वाढवला गेला नाही. ती संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीकडे गेली. २०१५ मध्ये समितीने तिच्या बाजूने मत दिलं आणि २०१७ मध्ये कोरियाने ही सक्ती काढून टाकली. एका बाईने नाही म्हटलं होतं.

ही समिती कोणती, हे आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावं. १९६५ च्या ज्या करारावर ती चालते, त्यात वंशभेदाच्या व्याख्येत 'वंश, वर्ण' यांच्यासोबत 'डिसेंट', म्हणजे जन्मवंश, हा शब्द आहे. मसुदा तयार होत असताना तो शब्द भारतानेच सुचवला होता. २००१ च्या डर्बन परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न मांडला तेव्हा याच भारताने सांगितलं की जात म्हणजे वंश नव्हे. २००२ मध्ये समितीने स्पष्ट केलं की 'डिसेंट'मध्ये जातीवर आधारलेला भेदभावही येतो. भारत सरकारला ते आजही मान्य नाही. आणि वैयक्तिक तक्रारीचा जो मार्ग त्या न्यूझीलंडच्या शिक्षिकेने वापरला, तो कोरियाने मान्य केलेला आहे, भारताने केलेला नाही. म्हणजे कोरियात शिकवणारी आपली मुलगी कोरियाविरुद्ध या समितीकडे जाऊ शकते. मराठवाड्यातल्या गावात पाणवठ्यावर अडवली गेलेली तिची आई भारताविरुद्ध जाऊ शकत नाही.

आता कागदांचं. नियम सगळ्यांना सारखे असले तरी कागद सगळ्यांना सारखे पडत नाहीत. आपल्यात कितीतरी कुटुंबांनी जुनी आडनावं टाकली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक आडनाव, पदवीवर दुसरं, वडिलांच्या आधारवर तिसरं स्पेलिंग. राजपत्रात नावबदल छापून आणा, मंत्रालयातून पदवी साक्षांकित करा, परराष्ट्र खात्याचा शिक्का घ्या. अमिरातीसारखा देश असेल तर वर दूतावासाचाही शिक्का. प्रत्येक खेपेला मुंबईचं तिकीट आणि बुडालेली मजुरी. ज्याच्या घरात पासपोर्ट काढणारी ही पहिलीच पिढी आहे, तो इथे एजंटच्या हाती लागतो. आणि सरकारची वृत्ती बघायची असेल तर २०१८ चा जानेवारी आठवा. दहावी न झालेल्या, 'इमिग्रेशन चेक' लागणाऱ्या लोकांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट द्यायचं परराष्ट्र खात्याने जाहीर केलं होतं. कमी शिकलेला माणूस विमानतळावर लांबूनच ओळखू यावा! ओरड झाली आणि त्याच महिन्यात निर्णय मागे घेतला.

एजंटबद्दल कडक बोलते. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसाशिवाय प्रवेश दिला, तेव्हापासून "आधी फिरायला म्हणून चला, तिथे शाळा लावून देतो" म्हणणारे वाढलेत. पर्यटक म्हणून शिरून शिकवणं बेकायदा आहे. पकडले गेलात तर शाळा हात वर करते, दंड आणि हकालपट्टी तुमच्या वाट्याला. आणि शाळा तरी खरी असेल कशावरून? थायलंडमधल्या नोकरीच्या नावाने नेलेली मुलं म्यानमारमधल्या म्यावाडीच्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत कोंडली गेली. मार्च २०२५ मध्ये पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी हवी. तो क्रमांक ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर तपासता येतो. त्याला तीस हजार रुपये आणि जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. दोन लाख मागणाऱ्याला हा आकडा तोंडावर सांगा आणि पावती मागा.

राज्य सरकार राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आपल्या विद्यार्थ्यांना परदेशात शिकायला पाठवतं, बार्टी स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालवते. चांगलं आहे. पण ज्यांचं शिक्षण झालं आणि ज्यांना शिकवायला जायचं आहे, त्यांच्या आयईएल्ट्सची फी, साक्षांकनाचा खर्च, इंग्लंडच्या शिक्षक दर्जासाठीचं मार्गदर्शन यासाठी योजना कुठे आहे? ही मागणी बार्टीकडे करायची. दुसरी मागणी केंद्राकडे. कोरियासोबतचा तो करार सुधारण्याच्या वाटाघाटी गेली कित्येक वर्षं चालू आहेत. तिथे पोलाद आणि मोटारींच्या सुट्या भागांवर बोलणी होतात, शिक्षकांचं कलम कोणी काढत नाही. आमच्या जिल्ह्यातले बी.एड. झालेले काही जण मिळून दोन्ही निवेदनांचा मसुदा करतोय. तुमच्या तालुक्यातही असे लोक असतील. त्यांची पदवी, अनुभव आणि कोणत्या देशाने कोणत्या कारणाने अर्ज नाकारला, एवढं लिहून घ्यायला सुरुवात करा.