आधी एस. टी.चं तिकीट घ्या!

फोटोग्राफी शिकायला सगळ्यात आधी काय घ्यावं, हा प्रश्न जाणकार माणसाला कधीही विचारू नका. जाणकार माणूस आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्या कॅमेऱ्याकडे बघतो आणि मग, एक्स-रे उजेडाकडे धरून डॉक्टर जसा 'हं' करतात, तसा 'हं' करतो. त्या एका 'हं'ची किंमत पुढं लाखाच्या घरात जाते. लेन्स, लेन्सला झाकण, झाकणाला दोरी, तिपाई, तिपाईला पिशवी, आणि ती पिशवी उचलायला एक भाचा. एवढं सगळं जमलं, की मग सल्ला मिळतो, "आता एकदा लडाखला जाऊन या. तिथं लाइट काय असतो म्हणून सांगू!"

माझं म्हणणं अगदी साधं आहे आणि ते मी भांडून सांगणार आहे. हौशी माणसानं फोटोग्राफी शिकायला आधी एस. टी.चं तिकीट घ्यावं. कुठल्या गावाचं? स्टँडवर जी गाडी लागलेली असेल, त्या गावाचं.

"पण आपल्या खानदेशात फोटो काढण्यासारखं आहे काय?" हा पहिला आक्षेप. तो घेणारा माणूस हमखास जळगाव नाहीतर धुळ्यातच जन्मलेला असतो. "समुद्र नाही, बर्फ नाही. आहे काय? केळी आणि ऊन!"

अहो, तेच तर म्हणतोय मी! मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणारं ऊन काय फक्त पापड वाळवायला असतं? शहरातले फोटोवाले स्टुडिओत हजारो वॅटचे दिवे जाळून जो उजेड विकत घेतात, तो आमच्याकडे फुकट अंगावर येतो. त्या उन्हासारखा मास्तर नाही. भर दुपारी शेतकऱ्याचा फोटो घ्या. पांढरी टोपी ट्यूबलाइटसारखी पेटते आणि टोपीखालचे डोळे काळ्या खळग्यांत गडप होतात. त्याच माणसाला चार पावलं सरकवून निंबाच्या सावलीत, समोर चुन्याची भिंत येईल असं उभं करा. भिंतीवरचं ऊन उलटून तोंडावर येतं आणि सुरकुती न् सुरकुती बोलायला लागते. याला पुस्तकात 'रिफ्लेक्टर' म्हणतात आणि दुकानात त्याचे पैसे पडतात. खेड्यात त्याला भिंत म्हणतात.

आणि केळी? रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत कधी शिरलाय का? रस्त्यावरून मोटारीच्या काचेतून नव्हे, आत. बाहेर डोळे दिपतात आणि आत हिरवा अंधार. पान उजेडाच्या बाजूनं पाहिलं तर नुसतं पान. तेच पाठीमागून ऊन घेऊन पाहिलं तर शीर न् शीर दिसते, वाऱ्यानं फाटलेली कडसुद्धा झळकते. पाठीमागच्या उजेडावर वर्गात तासभर व्याख्यान देतात. केळीचं पान ते दोन मिनिटांत शिकवतं आणि वर जेवायलाही वाढतं.

आमच्या घरी आग्फा क्लिक थ्री होता. त्यावर ठरवायचं ते एवढंच, सूर्य की ढग. फार शौक असेल तर मध्ये एक पिवळी काच. एका रोलमध्ये बारा फोटो, बारा म्हणजे बारा. तेराव्याला देवसुद्धा उभा राहिला तरी त्याला "पुढच्या खेपेला या" म्हणावं लागे. त्यामुळं बटण दाबण्याआधी माणूस निदान एकदा आभाळाकडे बघायचा. पुढं चांगला कॅमेरा घेतलेल्यांनाही नियम तोच होता. शंभर आय. एस. ओ.ची फिल्म, कडक ऊन, तर एफ सोळा आणि सेकंदाचा शंभरावा भाग. हा नियम आजच्या कॅमेऱ्यालाही लागू आहे, कारण कॅमेरे बदलले, सूर्य तोच आहे. आज खिशातल्या मोबाइलवर चारशे फोटो निघतात. निघोत बापडे! पण चारशे फोटो काढून आभाळाकडे एकदाही न बघणारा माणूस फोटोग्राफर नव्हे, झेरॉक्सवाला!

एका रविवारी मी असाच, काही काम नसताना, धुळ्याच्या गाडीत बसलो. एरंडोल, पारोळा करीत गाडी पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पांझरेच्या काठी शेळ्या घेऊन एक म्हातारबाबा बसले होते.

"काय करी राह्यना रे भो?"

"फोटो काढतोय, बाबा."

"कसाना?"

"उजेडाचा."

बाबा मनापासून हसले. "उजेडना फोटू? मंग अंधारना बी काढ!"

फोटोग्राफीची अनेक पुस्तकं मी चाळली आहेत. सावली सोडू नका, सावलीनंच आकार कळतो, हे इतक्या थोडक्यात कुणी सांगितलेलं नाही. आणि ते ऐकायला मिळालं ते मी ठरवून कुठं गेलो नव्हतो म्हणून. ठरवून गेलेला माणूस ठरवलेलंच बघतो. त्याला लळिंगचा किल्ला हवा असतो, म्हणून शेळ्या 'मध्ये' येतात.

आता विरोधी पक्षाचा हुकमाचा एक्का. "मग चाळीसगावच्या केकी मूसांचं काय?" बरोबर आहे. केकी मूस म्हणजे खानदेशानं जगाला दाखवावा असा छायाचित्रकार. १९१२ साली जन्मले, विलायतेत कला शिकले आणि मग चाळीसगावच्या स्टेशनाजवळच्या बंगल्यात जे शिरले, ते १९८९ मध्ये जाईपर्यंत जवळपास पन्नास वर्षं घराबाहेर पडलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांनी अख्खी दृश्यं उभी केली आणि शेकडो पारितोषिकं मिळवली. पंजाब मेलही त्यांच्याच वयाची, १९१२ ची. तिच्यातून कुणीतरी येणार म्हणून ते रोज रात्री दार उघडून वाट पाहत, असं चाळीसगावात सांगतात.

"बघा! उंबरठा न ओलांडता एवढा मोठा माणूस झाला. तुमची एस. टी. कशाला हवी?"

यावर माझं उत्तर असं. मूससाहेबांनी बंगल्याला नाव काय दिलं? 'रेम्ब्रांट्स रिट्रीट'. ज्या चित्रकारानं जन्मभर उजेड आणि काळोख यांचीच मांडामांड केली, त्याचं नाव दारावर लावणारा माणूस सामानाच्या मागे नव्हता, उजेडाच्या मागे होता. जे समोर आहे, त्यालाच तो पुरून उरला. आमचे जाणकार मात्र घरी बसतात ते लेन्सची पार्सलं येण्याची वाट बघत. दोघंही घरात बसतात हे खरं, पण म्हणून दोघांचं बसणं एक होत नाही. पन्नास वर्षं एका टेबलाकडे टक लावून बघायची तपश्चर्या असेल, तर खुशाल घरी बसा. आपल्यासारख्यांना तेवढ्या वेळात टेबलावर चहाचा डाग तेवढा दिसतो. आपल्याला हिंडणंच बरं.

आणि हिंडणं म्हणजे लांब जाणंच नव्हे. मेजर रॉबर्ट गिलला कंपनी सरकारनं १८४४ मध्ये अजिंठ्याला पाठवलं, लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला. (अजिंठा आमच्या जिल्ह्यात नाही हे मला ठाऊक आहे, पण जळगावहून साठेक किलोमीटरवर आहे, त्यामुळं आम्ही तो आपलाच धरतो.) साहेब तिथंच राहिला. पुढं कॅमेराही हाती घेतला. त्या काळी काचेवर रसायन पसरून ते ओलं आहे तोवरच फोटो घ्यायचा आणि धुवायचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओलं म्हणजे किती वेळ, ते आपल्याला सांगायला नको! तरी १८६४ मध्ये त्याच्या शंभर स्टिरिओस्कोपिक छायाचित्रांचं पुस्तक लंडनला निघालं. दोनच वर्षांनी तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यानं वर्षानुवर्षं रंगवलेली बहुतेक चित्रं जळाली. १८७९ मध्ये तो गेला, भुसावळला त्याचं दफन झालं. ज्या भुसावळला आपण फक्त गाडी बदलायला उतरतो, त्या भुसावळला!

एक कबूल करतो. लग्नाच्या फोटोग्राफरनं तयारीनंच गेलं पाहिजे. अक्षता पुन्हा पडत नाहीत आणि नवरीचा बाप "आज लाइट बरा नव्हता" हे ऐकून घेत नाही. पण हौशी माणसाला कुणाचा बाप विचारणार आहे? मग त्याची तयारी कशासाठी चालते? ती तयारी नसतेच मुळी, तो 'उद्या' असतो. नवी लेन्स आली की, पावसाळा संपला की, पोराची परीक्षा झाली की.

या 'उद्या'ची किंमत काय होते, सांगतो. पाचोऱ्याहून जामनेरला नॅरोगेजची छोटी गाडी जायची. आम्ही तिला 'पीजे' म्हणायचो. छप्पन्न किलोमीटर, वाटेत शेंदुर्णी, पहूर, दाराशी लटकलेली पोरं, दुधाचे कॅन, खिडकीतून तिरपं येणारं ऊन. "एकदा निवांत जाऊन फोटो काढू" असं म्हणणारे मला डझनानं माहीत आहेत. २०२० च्या टाळेबंदीत ती गाडी थांबली ती थांबलीच. रुंद रुळांची गाडी येईल, यावी, पाचोरा-जामनेरच्या लोकांना तिची गरजच आहे. पण दाराशी लटकलेली ती पोरं आता कुठल्याही लेन्समध्ये येणार नाहीत. डझनभर तिपाया घरोघरी पिशवीत उभ्या आहेत आणि हीच मंडळी आता एकमेकांना विचारताहेत, "तुझ्याकडे पीजेचा एखादा फोटो आहे का रे?"

असलाच, तर तो रोज त्या गाडीनं जाणाऱ्या एखाद्या मास्तरांकडे असेल. मोबाइलवर काढलेला, जरा हललेला. त्याला नावं ठेवायचा अधिकार तिपायीवाल्यांना नाही.