काचेबाहेरचा चोर

मी एकटा मोटार घेऊन ताम्हिणीमार्गे कोकणात जातो आणि वाटेत डोळे मिटू लागले तर गाडी बाजूला लावून चक्क झोपतो, हे कळल्यापासून आमच्या बँकेत दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, हा वेडा झाला. दुसरा म्हणतो, हा पहिल्यापासूनच वेडा आहे. गंमत म्हणजे हीच मंडळी दुपारी तीननंतर टेबलाशी बसल्या बसल्या पेंगतात. पण तिथे दरी नसते. फार तर कॅश जुळत नाही. घाटात पेंगत स्टिअरिंग धरणाऱ्याचे मात्र खातेच बंद होते. तेव्हा थांबून झोपणारा शहाणा, हे माझे ठाम मत.

माझे भांडण आहे ते यांच्या सल्ल्याशी. "काचा घट्ट लावा, इंजिन चालू ठेवून एसी सोडा आणि खुशाल झोपा. चोर कसा येतो बघू!" इति हेडकॅशिअर. मी बापडा बी.कॉम.; रसायनशास्त्र शाळेतच सुटले. मानला सल्ला. एका जुलैत मुळशी धरणाच्या पुढे, कोसळत्या पावसात तसाच झोपलो. काही वेळाने टपरीवाले मामा काचेवर बुक्के मारताहेत! "ओ सायेब, आधी गाडी बंद करा! सायलेन्सर चिखलात बुडालाय!" डोके ठणकत होते, मळमळत होते. मी सगळा दोष डब्यातल्या वांग्याला देऊन मोकळा झालो.

वांगे निर्दोष होते. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. आमच्या भाषेत, ऑक्सिजनचे लॉकर बळकावून किल्ली खिशात घालतो. सायलेन्सर गळका असला किंवा त्याचे तोंड बुजले, की धूर आत शिरू शकतो. जागा माणूस डोके दुखले म्हणून बाहेर तरी पडेल; झोपलेला उठतच नाही. म्हणजे बाहेरच्या चोराच्या भीतीने काचा लावायच्या आणि खऱ्या चोराला आत घेऊन झोपायचे!

म्हणून इंजिन बंद, दारे आतून बंद, काच बोटभर उघडी. बोटभर काच उघडून इंजिन चालू ठेवण्याची तडजोडही नको. कड्याखाली, ओढ्याच्या वाटेत गाडी लावू नये. याच पुणे जिल्ह्यात ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर खचला आणि दीडशेच्या वर माणसे गेली. ती तर आपल्या घरांत होती. त्यापेक्षा हॉटेलच्या किंवा पेट्रोलपंपाच्या उजेडातल्या आवारात, मालकाला विचारून थांबावे. विचारायची लाज कसली? लोक आमच्याकडे कर्ज मागायला येतात, ते काय लाजतात? आणि घाटात रेंज दगा देण्याआधीच, कुठे थांबणार ते घरी कळवावे.

"पण चोर आलाच तर?" हेडकॅशिअरांचा हेका कायम आहे.

येऊ द्या की! महिनाअखेरचे माझे पाकीट पाहून तोच मला चहा पाजील. शिवाय पाकीट गेले तर दुसरे घेता येते. श्वासाची डुप्लिकेट प्रत अजून कोणत्याही बँकेत मिळत नाही.