रिडेव्हलपमेंट होईपर्यंत पाणी वाहू द्यायचं का?

"आता कशाला खर्च? तीन-चार वर्षांत बिल्डिंग पडणारच आहे." जुन्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याचा विषय निघाला की कोणीतरी हे म्हणतं आणि विषय तिथेच मिटतो. मी पुण्यात कर्वेनगरमधल्या अशाच एका चारमजली सोसायटीची सचिव आहे. आमच्याकडे रिडेव्हलपमेंटची चर्चा मी सचिव होण्याच्या आधीपासून चालू आहे. बिल्डर येतात, नकाशे दाखवतात, वाढीव कार्पेट एरियावर वाद होतात, आणि गच्चीवरची टाकी भरून वाहतच राहते. जी इमारत आज उभी आहे, तिचं पाणी आजच दुरुस्त करायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

पाणीबचतीचे बहुतेक सरकारी नियम नव्या बांधकामासाठी आहेत. मोठ्या प्लॉटवर पावसाचं पाणी साठवणं किंवा जिरवणं, मोठ्या प्रकल्पात सांडपाणी पुन्हा वापरणं, या अटी नकाशा मंजूर होताना लागतात. ज्यांचा नकाशा चाळीस वर्षांपूर्वी मंजूर झाला, त्यांना कोण विचारणार? खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघरचं पाणी तर त्यांच्याही नळाला येतं.

सुरुवात संडासापासून करावी. जुन्या फ्लशच्या टाकीतून एका वेळी दहा लिटर तरी पाणी जातं. नव्या दुहेरी बटणाच्या टाकीतून तीन किंवा सहा लिटर. माणूस दिवसातून पाच वेळा फ्लश करतो असं धरलं, तर जुन्या टाकीला पन्नास लिटर लागतात आणि नवीला, एकदा मोठं आणि चारदा छोटं बटण धरून, अठरा. शंभर माणसांच्या इमारतीत रोजचे बत्तीसशे लिटर वाचतात, म्हणजे तीन दिवसांत जवळपास एक मोठा टँकर. पण इथे एक गोष्ट प्लंबर सहसा सांगत नाहीत. जुनं भांडं दहा लिटरच्या जोरासाठीच बनलेलं असतं. नुसती टाकी बदलली तर ते एका फ्लशमध्ये साफ होत नाही, लोक दोनदा बटण दाबतात आणि बचत तिथेच संपते. भांडं आणि टाकी जोडीनंच बदलावी. तेवढे पैसे नसतील तर जुन्या टाकीत पाण्यानं भरलेली, झाकण घट्ट लावलेली लिटरची बाटली ठेवावी. वीट ठेवू नये. ती झिजते आणि तिचा चुरा व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

नळाच्या तोंडाशी बसणारी जाळीची टोपी, म्हणजे एरेटर, हा सगळ्यात स्वस्त उपाय. २०२४च्या टंचाईत बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळानं व्यावसायिक इमारतींना तो सक्तीचा केला होता. आपल्याकडे मात्र सोसायट्या घाऊक भावात एकाच मापाचे एरेटर आणतात आणि सगळीकडे बसवतात. गच्चीवरच्या टाकीचा दाब तळमजल्याला सर्वांत जास्त आणि वरच्या मजल्याला अगदी कमी. वरच्या घरात आधीच धार बारीक, त्यात एरेटर बसवला की सून वैतागून तो काढून ठेवते. तिचं चुकत नाही. मजला बघून माप निवडलं पाहिजे. जुन्या जीआय पाइपांचा गंज जाळीत अडकतो, तेव्हा ती महिन्या-दोन महिन्यांनी धुवायलाही हवी.

गळती शोधायला तर कसलाच खर्च नाही. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकून अर्धा तास कोणी फ्लश करायचं नाही. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलं आहे. गच्चीवरची टाकी रात्री बारा वाजता पंप बंद करून काठीनं मोजायची, पहाटे चारला पुन्हा मोजायची. तीन मीटर बाय दोन मीटरच्या टाकीत एक सेंटिमीटर पातळी उतरली म्हणजे साठ लिटर गेले. कोणाच्या घरी काय गळतं, हे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना समितीपेक्षा जास्त ठाऊक असतं. त्यांना एकदा तरी विचारा.

खरी अडचण मीटरची. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीनुसार पाणीपट्टी घरातल्या नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर वाटली जाते. एकटी राहणारी आजी आणि सहा माणसांचं कुटुंब सारखेच पैसे भरतात, मग नळ बंद करण्याचं कारण कुणाला उरत नाही. घरटी मीटर लावावं म्हटलं, तर स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास यांच्या लाइनी गच्चीवरून वेगवेगळ्या उतरलेल्या असतात. एका घराला तीन-चार मीटर लागतात. मात्र संडासाची लाइन वेगळी असण्यात मोठा फायदाही आहे. तिला स्वतंत्र टाकी जोडली की बोअरचं किंवा साठवलेल्या पावसाचं पाणी फ्लशला देता येतं. त्यासाठी घरात एकही फरशी फोडावी लागत नाही. नव्या इमारतीत यासाठी मुद्दाम दुहेरी पाइप टाकतात. आमच्याकडे ते आयतेच आहेत.

इमारत पाडायची वेळ आली, तर मीटर, एरेटर आणि टाकी भरली की पंप बंद करणारा सेन्सर काढून नेता येतो. बुडतो तो फक्त भांड्यांचा खर्च, आणि तोही टँकरच्या बिलातून बऱ्यापैकी फिटलेला असतो.

पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल प्रकल्पांसाठी मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत देते. तीच सवलत जुन्या इमारतीतले फ्लश बदलणाऱ्यांना आणि घरटी मीटर बसवणाऱ्यांनाही मिळावी, अशी माझी मागणी आहे. पुरावा म्हणून सोसायटीच्या मुख्य मीटरचं कामाआधीचं आणि कामानंतरचं वाचन घ्यावं. वापर घटला तर सवलत चालू, पुन्हा वाढला तर बंद. आणि सहकार खात्यानं उपविधीत बदल करून, मीटर असलेल्या घरांना नळजोडांऐवजी वापरावर पाणीपट्टी लावण्याची मुभा सोसायट्यांना स्पष्ट शब्दांत द्यावी.