खांब आहे, दिवा कुठे आहे?

शहराबाहेर नवा लेआउट पडला की आधी दिसते ती कमान. कमानीवर रोषणाई असते, माहितीपत्रकात दुतर्फा दिवे लागलेला रुंद रस्ता असतो. प्लॉट विकले जातात, रोषणाई उतरते, आणि घर बांधून राहायला गेलेल्या माणसाला कळते की आपल्या गल्लीत खांब आहे, दिवा नाही. काही ठिकाणी तर खांबही फक्त नकाशात आहे.

तिथे घर बांधणारे कोण, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. झोपडपट्टीतून, गावकुसाबाहेरून शिकून निघालेली, नोकरीला लागलेली पहिली पिढी. पीएफमधून उचल, पतपेढीचे कर्ज, घरातले सोने मोडून घेतलेला हजार-बाराशे फुटांचा तुकडा. शहराच्या मध्यात घर परवडत नाही, आणि परवडले तरी आडनाव ऐकून किती जण देतात? म्हणून आपण कडेला जातो. तिथे रात्रपाळीहून येणारी नर्स, पहाटे झाडूकामाला निघणारा कामगार, अभ्यासिकेतून परतणारी मुलगी अंधारातून चालतात. 'दिवस मावळायच्या आत ये' असे बाप सांगतो आणि मुलीची अभ्यासिका सुटते. आम्ही त्या बापाला जुन्या विचारांचा म्हणून मोकळे होतो. त्याच्या गल्लीत रात्री एकदा फिरलो असतो तर म्हटले नसते.

नागपूरकरांना यात नवल वाटणार नाही. तिथे '५७२' आणि '१९००' लेआउट हे आकडेच वस्त्यांची ओळख होऊन बसले. शेतीचे तुकडे पाडून विकणारे पैसे घेऊन मोकळे झाले. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने भूखंड नियमित करण्याची सोय झाली खरी, पण विकास शुल्काची डिमांड आली ती प्लॉटधारकाच्या नावावर. म्हणजे रस्ता, गटार, दिवा यांचे पैसे आपण एकदा विकणाऱ्याला दिले, दुसऱ्यांदा सरकारला. हद्द ग्रामपंचायतीची असेल तर घरपट्टीच्या पावतीवर दिवाबत्ती कराचा रकाना असतोच. दिवा नसला तरी तो रकाना कोरा राहत नाही!

कायदा नाही, असे कोणी सांगू नये. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत, नगरपालिकांकडे सोपवायच्या विषयांत, पथदिवे आहेत. २०१६ च्या रेरा कायद्यात 'अंतर्गत विकासकामे' म्हणजे काय ते सांगताना रस्ते, गटारांबरोबर रस्त्यावरचे दिवेही मोजले आहेत, आणि प्लॉट पाडून विकणाराही या कायद्यात येतो. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत सेवांमध्ये दोष दाखवून दिला, तर तो त्याने ३० दिवसांत स्वखर्चाने दूर करायचा आहे. पळवाट आहे ती खाली. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला नोंदणीची सक्ती नाही, आणि आपल्या माणसाच्या वाट्याला बहुधा असाच, कुठेच नोंद नसलेला लेआउट येतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की लेआउट लहान असो वा मोठा, दिवे पेटलेले तपासल्याशिवाय त्यातले शेवटचे काही प्लॉट विकायला मोकळे करू नयेत. अडकलेला पैसाच बिल्डरला खांबावर चढवील. वस्ती हस्तांतरित होईपर्यंत बिल त्याने भरावे, नंतर स्थानिक संस्थेने. ही अट महत्त्वाची आहे. २०२१ मध्ये महावितरणने थकबाकीपोटी अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडली होती. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा वीज हा विषयही त्यांच्याच खात्यात होता. वीज स्वस्त असावी आणि सरकारच्या हाती असावी, असे त्यांचे मत होते. आणि आपण मात्र नगरसेवकाने निवडणुकीच्या तोंडावर दोन दिवे लावले, खांबावर आपल्या नावाची पाटी ठोकली, की त्याचा सत्कार करतो. कर भरलेल्या दिव्याचा सत्कार कशाला?

प्लॉट दाखवायला विकणारा रविवारी दुपारीच बोलावतो. आपण रात्री आठला जावे, बाईमाणसांना बरोबर घेऊन, मुख्य रस्त्यापासून प्लॉटपर्यंत पायी. किती खांब, कोणत्या तारखेपर्यंत दिवे, बिल कोण भरणार, हे करारनाम्यात लिहून मागावे. तो 'नंतर बघू' म्हणाला तर इसाराची रक्कम खिशातच ठेवावी.